‘खरं सांग, मारणार नाही’ म्हणालात, तर मारू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. घरात सासूबाई, माझे मिस्टर, मी आणि दोन मुलं. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. मुलगी तीन वर्षांची. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. गेले काही महिने मुलगा सर्रास खोटं बोलायला लागलाय. ‘डबा संपवला’ म्हणतो आणि पोळी-भाजी शाळेच्या मागे टाकून येतो, हे मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. टीव्हीचा रिमोट त्याच्या हातून पडून फुटला, तर ‘छोटीने फोडला’ म्हणाला आणि मी तिलाच रागावले. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या देवघरातल्या डबीतून वीस रुपये गेले. धुवायच्या चड्डीच्या खिशात गोळ्यांचे कागद सापडले. विचारलं तर ‘मी नाही घेतले, देवाशपथ’. मग ह्यांनी जवळ बसवून सांगितलं, ‘खरं सांग, मी अजिबात मारणार नाही.’ तो रडत रडत ‘घेतले’ म्हणाला आणि ह्यांचा हात उठला. दोन थपडा आणि उठाबशा. सासूबाई मध्ये पडल्या, ‘लहान आहे, वीस रुपयांसाठी लेकराला मारतोस का’ म्हणाल्या आणि नंतर त्याला लाडू दिला. मला दोघांचंही पटलं नाही.

खरं बोलला तर शिक्षा करायचीच नाही का? मग तो हवं ते करेल आणि ‘सांगितलं ना खरं’ म्हणून मोकळा होईल. आणि शिक्षा केली तर पुढच्या वेळी खरं बोलेल कशाला?

ता. क. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. दिवाळीत माहेरी जाताना एसटीत कंडक्टरने मुलाचं वय विचारलं. हे म्हणाले, ‘पाच पूर्ण व्हायचीत.’ मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘मी सहाचा आहे!’ सगळी गाडी हसली. घरी गेल्यावर ह्यांनी त्याला खूप बोलून घेतलं.

– एक आई

उत्तर

नमस्कार.

त्या संध्याकाळी तुमचा मुलगा खरं बोलला. रडत, घाबरत, पण बोलला. पत्रात तुम्ही त्याच्या खोटेपणाचे तीन प्रसंग लिहिले आहेत, आणि तो खरं बोलल्याचे दोन. एकदा एसटीत, एकदा वीस रुपयांच्या वेळी. दोन्ही वेळा त्याचं काय झालं, तेही तुम्हीच लिहिलंय. एकदा बोलणी खाल्ली, एकदा मार खाल्ला. सहा वर्षांचं मूल हिशोबात कच्चं असलं तरी एवढा हिशोब त्याला जमतो. तुमच्या घरात सध्या खरं बोलणं त्याला महाग पडतंय. मुलाला बदलण्याच्या आधी हे बदलायला हवं, आणि ते सर्वस्वी मोठ्यांच्या हातात आहे.

आधी एक काळजी दूर करते. मुलगा वाईट वळणाला लागलाय असं तुम्ही सरळ लिहिलेलं नाही, पण पत्रभर ती भीती जाणवते. तसं काहीही नाही. साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास मुलांना कळायला लागतं की माझ्या मनात जे आहे ते आईला आपोआप दिसत नाही. ‘मला माहीत आहे, तिला माहीत नाही’ हे उमगलं की खोटं बोलणं नीट जमायला लागतं. त्यामुळे सहा वर्षांचं मूल कधीच खोटं बोलत नाही, असं घर मला माहीत नाही. वाघ गच्चीवर आल्याच्या गोष्टी सांगणं वेगळं, त्याला मी खोटं म्हणतच नाही, तो खेळ असतो. तुमचा मुलगा बोलतोय ते मार चुकवण्यासाठी, रागावणं टाळण्यासाठी. हे खोटं सगळ्यात साधं, आणि वेळेवर सावरलं तर सगळ्यात लवकर सुटणारं.

मार देऊन ते सुटत नाही, उलट घोटीव होतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळा, मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत पेन्सिल विसरली तरी काठी, थप्पड किंवा चिमटा. दुसऱ्या शाळेत समज देत, फार तर थोडा वेळ बाजूला बसवत. दोन्हीकडच्या मुलांशी एक खेळ खेळला. पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, नुसत्या आवाजावरून ते ओळखायचं, आणि मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की वळून बघायचं नाही. बहुतेक मुलांनी बघितलंच, दोन्हीकडे. मग विचारलं, ‘बघितलंस का?’ माराच्या शाळेतली बघणारी जवळजवळ सगळी मुलं ‘नाही’ म्हणाली. दुसऱ्या शाळेत निम्म्याच्या आसपास मुलंच खोटं बोलली. आणि पुढे खोदून विचारल्यावर आपलं खोटं न पकडू देता निभावून नेणं माराच्या शाळेतल्या मुलांना जास्त चांगलं जमत होतं. साडेतीन वर्षांची पोरं! काठीने त्यांना शिस्त लागली नाही, खोटं निभावण्याचा सराव झाला.

आपल्याकडे शाळेत मुलाला मारणं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं. शरीराला इजा आणि मनाला त्रास, दोन्ही त्यात आलं. बाईंनी तुमच्या मुलाला उठाबशा काढायला लावल्या असत्या तर तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन उभे राहिला असता. घरात तेच चालतं, कारण घरात विचारायला कुणी येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तो फार नेमका आहे, आणि बहुतेक सल्ले इथे घाईने निसटतात. ‘खरं बोलला तर माफ करा’ असं सांगून टाकणं सोपं आहे. मला ते पूर्ण पटत नाही. तुमची शंका बरोबर आहे. खरं बोलणं म्हणजे सुटकेची पावती, असं एकदा मुलाला वाटलं की तो पावती फाडतो आणि पुढे जातो. आजीचे वीस रुपये मात्र गेलेलेच राहतात.

मी असं सांगेन. खरं बोलल्यावर राग माफ, मार माफ, अपमान माफ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणं माफ. केलेल्या गोष्टीची भरपाई माफ नाही. दूध सांडलं तर फडकं आणून पुसायचं, मग आपणहून सांगितलेलं असो की पकडलेलं असो. भरपाई दोन्ही वेळा तेवढीच. फरक पडतो तो आपल्या चेहऱ्यात आणि सोबतीत. आपणहून सांगितलं तर आई शेजारी बसून पुसू लागते. मुलाला हळूहळू जे कळायला हवं ते हे की चुकीचं निस्तरावं लागतं, पण निस्तरताना मला कुणी एकटं टाकत नाही. हे ज्याला कळलं त्याला खोटं बोलायची गरज फार कमी पडते.

मग खोट्याची वेगळी शिक्षा? सहा वर्षांच्या मुलाला नको. खोट्याचा परिणाम त्याला आपोआप दिसू द्या: आईला खात्री करावी लागते. ‘डबा संपवला’ हे दोनदा खोटं निघालं, तर आता काही दिवस घरी आल्यावर डबा उघडून दाखवायचा. टोमणा मारायचा नाही, ‘तुझ्यावर विश्वासच नाही’ असं म्हणायचं नाही. ‘काही दिवस मी बघेन, मग पुन्हा तुझ्या शब्दावर राहीन’ एवढंच. आणि मग खरंच पुन्हा त्याच्या शब्दावर राहायचं. पुष्कळ घरांत हा दुसरा भाग विसरला जातो. मुलगा चौथीत गेला तरी ‘हा पहिलीत पैसे चोरायचा’ हे पाहुण्यांसमोर निघतं. तसं कधीही होऊ देऊ नका. ज्याच्यावर ‘खोटारडा’ असा शिक्का बसला, त्याला खरं बोलून मिळवायचं काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न मुलाला विचारूच नका. चड्डीच्या खिशात कागद सापडलेत, डबीत वीस रुपये कमी आहेत, आणि आपण विचारतो, ‘डबीतले पैसे कुणी घेतले रे?’ हा प्रश्न नव्हे, सापळा आहे. मूल घाबरतं, तोंडातून ‘मी नाही’ निघून जातं, आणि मग एका चुकीच्या दोन चुका झाल्या. त्यातली दुसरी आपण करायला लावली. अंगणवाडी-बालवाडीच्या कामात मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मुलाने खोटं बोलल्याची तक्रार आली की आधी विचारते, तुम्ही नेमकं विचारलं कसं?

तुम्ही असं म्हणू शकला असता: ‘तुझ्या खिशात गोळ्यांचे कागद सापडले. आजीच्या डबीत वीस रुपये कमी आहेत. तू घेतलेस असं मला वाटतं. ये, बस इथे. कशासाठी हवे होते?’ यात खोटं बोलायला जागाच उरत नाही. शेवटचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि ते हवं आहे. वर्गात सगळे गोळ्या वाटतात म्हणून? मोठ्या मुलाने आणायला सांगितलं म्हणून? की नुसतं खावंसं वाटलं म्हणून? प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. मधल्या सुट्टीत कुणी मोठा मुलगा त्याच्याकडून खाऊ उकळत असेल, तर ही चोरीची गोष्टच नव्हे, तुम्हाला शाळेत जावं लागेल. पत्रात कुठेही ‘का’ विचारल्याचं दिसलं नाही, म्हणून एवढं लांबवून लिहिते आहे.

डब्याचंही तसंच. डबा का टाकतो? पहिलीतल्या मुलांच्या डब्यांमागे अगदी छोटी कारणं असतात. स्टीलच्या डब्याचं झाकण त्याला उघडतच नाही आणि बाईंना सांगायची लाज वाटते. भाजीचं तेल पोळीत मुरून सगळं ओलं होतं. सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यातली दहा हात धुवायच्या रांगेत. दोन पोळ्या त्याला जास्त होतात आणि ‘डबा संपला नाही तर बघ’ ही धमकी सकाळीच मिळालेली असते. मग तो भुकेने नाही, तुमच्या भीतीने डबा रिकामा करतो. एक दिवस घरीच त्याच्यासमोर तोच डबा ठेवा आणि त्याला उघडू द्या. मग अर्धीच पोळी द्या आणि सांगा, ‘उरलं तर तसंच घरी आण. उरलेलं बघून मी रागावणार नाही, उद्या किती द्यायचं ते मला त्यावरून कळेल.’ उरलेला डबा घरी येणं हेच इथे खरं बोलणं आहे. पहिल्यांदा तो उरलेला डबा घेऊन येईल तेव्हा ‘अरे, एवढंसं खाल्लंस!’ हे शब्द गिळा.

रिमोटच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते धाकटीचं. तिने काही न करता बोलणी खाल्ली. इथे भरपाई तिच्याशी आहे. ‘सॉरी म्हण’ असं दरडावून वदवलेलं सॉरी मुलं पोपटासारखं म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. आधी तुम्ही तिच्याजवळ बसा, मुलाच्या देखत: ‘तू रिमोट फोडला नव्हतास. मी तुला उगाच रागावले. माझं चुकलं.’ तीन वर्षांच्या मुलीला यातलं किती कळेल याची चिंता करू नका, सहा वर्षांच्याला सगळं कळेल. मग त्याला विचारा, छोटीला बरं वाटावं म्हणून तू काय करशील? मुलं आपल्यापेक्षा चांगली उत्तरं शोधतात. तो तिला आपली गाडी खेळायला देईल, तिच्यासाठी घर बांधेल. ते त्याच्याकडून येऊ द्या. रिमोटचं म्हणाल तर नवा येईपर्यंत टीव्ही लावायला उठून बटण दाबावं लागेल, सगळ्यांनाच. तो परिणाम आपोआप झालेला आहे, त्यावर आणखी ‘आठवडाभर कार्टून बंद’ लादायची गरज नाही.

वीस रुपये परत करायचे. त्याच्याकडे मातीचा गल्ला असेल तर त्यातून. नसेल तर आजीबरोबर बसून काम करून: शेंगा सोलणं, लसूण सोलणं, देवाची भांडी पुसणं. एका बैठकीत सहा वर्षांच्या मुलाने जेवढं करावं तेवढंच, आणि त्याने ते आजीच्या हातात द्यायचं. दुकानात नेऊन ‘याने चोरून गोळ्या घेतल्या’ असं दुकानदाराला सांगायचं नाही. पुष्कळ बाबा तेच करतात आणि समजतात की चांगला धडा शिकवला. मुलाला त्या दिवशी कळते ती फक्त लाज, आणि लाजलेलं मूल पुढच्या वेळी जास्त लपवतं.

उठाबशांचा पैशांशी संबंध काय, हे एकदा त्याच्या बाजूने बघा. त्याला दिसतं ते एवढंच की बाबा चिडले की पाय दुखतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मुलांच्या नैतिक समजुतीवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो लहान मुलांना विचारायचा, खोटं बोलणं वाईट का? धाकटी मुलं म्हणायची, कारण त्याची शिक्षा होते. शिक्षा झाली नाही तर मग वाईट नाही. आणि त्याची कपांची गोष्ट तर शिक्षकांच्या अभ्यासक्रमातही असते. एका मुलाने नकळत दार ढकललं, मागे ट्रे होता, पंधरा कप फुटले. दुसऱ्याने आई नसताना चोरून मुरांबा काढताना एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहानगी म्हणतात, पंधरा फोडणारा. या वयाचं मन नुकसान मोजतं, हेतू अजून नीट मोजत नाही. मारातून मुलगा तिथेच अडकून राहतो: पकडला गेलो की वाईट, नाही तर नाही. भरपाईतून तो पुढे सरकतो, कारण त्याला आजीचा चेहरा दिसतो, छोटीचं रडणं दिसतं.

सासूबाईंविषयी. त्या मध्ये पडल्या हे मला मनापासून आवडलं. मार थांबवायला घरात कुणीतरी हवंच. लाडवाचं मात्र चुकलं, आणि ते त्यांच्याशी वाद घालून सांगू नका. ‘आई, पैसे तुमचे गेले होते, तर ते परत घेण्याचं काम तुम्हीच करा. तो तुमचं ऐकतो’ असं म्हणा. काम सोपवलं की आज्या खूप चांगलं करतात. ‘देव बघतोय’, ‘खोटं बोललं की पाप लागतं’ हे त्या म्हणत असतील तर म्हणू द्या, पण ‘देव कान कापेल’, ‘पोलीस पकडून नेईल’ हे नको. कान कापला जात नाही हे मुलाला दुसऱ्याच दिवशी कळतं, आणि मग आजीही खोटं बोलते हेही कळतं.

गोष्टी सांगणं हे तर त्यांचंच राज्य, आणि कुठली गोष्ट सांगायची याने फरक पडतो. तलवार आणि ली यांच्याच गटाने २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून पुन्हा तोच पाठीमागच्या खेळण्याचा खेळ घेतला. आपण सगळे लहानपणी ऐकत आलो ती ‘लांडगा आला रे आला’ त्यात होती. खोटं बोलणाऱ्याला लांडगा खातो. ही गोष्ट ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनेही नाही. कमी झालं ते जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, जिथे मुलगा वडिलांना सांगतो की झाड मीच तोडलं, आणि वडील म्हणतात तू खरं बोललास याचा मला आनंद आहे. तीच गोष्ट बदलून मुलगा खोटं बोलतो आणि त्याला शिक्षा होते असं केलं, तेव्हा तिचाही परिणाम गेला. म्हणून सासूबाईंना सांगा, लांडग्याला जरा विश्रांती द्या आणि लाकूडतोड्याची गोष्ट सांगा. नदीतली देवता सोन्याची कुऱ्हाड दाखवते, चांदीची दाखवते, आणि तो म्हणतो, माझी लोखंडाची.

टिळकांच्या शेंगांची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलाला शाळेतच भेटते. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.’ ती सांगताना आपण टिळकांचा बाणा सांगतो. मला त्यात ते गुरुजीही महत्त्वाचे वाटतात. कुणी खाल्ल्या हे न कळल्याने त्यांनी सगळ्यांनाच शिक्षा दिली. ज्याने खाल्ल्या नाहीत त्याला टरफलं उचलायला लावणं हा परिणाम नाही, अन्याय आहे, हे मुलांना फार पटकन कळतं. मुलाला ही गोष्ट सांगून विचारा, गुरुजींनी काय करायला हवं होतं? रिमोटच्या दिवशी छोटीचं काय झालं ते तो स्वतःच जोडेल.

आता ता. क. बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण घरात खरेपणा शिकवायचा तो इथेच. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. म्हणजे वाचले अर्ध्या तिकिटाचे पैसे. तेवढ्यासाठी मुलाला समजलं की खोटं मोठ्यांनी बोललेलं चालतं, आणि मध्येच खरं बोलणारा हा घराची शोभा घालवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी नेमकं हेच तपासलं. काही मुलांना मोठ्या माणसाने आधी सांगितलं, शेजारच्या खोलीत गोळ्यांचा मोठा वाडगा आहे. मग कबूल केलं की तसं काही नव्हतं, तुला खेळायला बोलवायचं होतं. बाकीच्यांना असं फसवलं नाही. मग सगळ्यांशी तोच पाठीमागच्या खेळण्याचा खेळ खेळला. शाळेच्या वयाची जी मुलं फसवली गेली नव्हती त्यांच्यातली ६० टक्क्यांच्या आसपास मुलं चोरून बघत होती. फसवलेल्यांमध्ये ते प्रमाण ८० टक्क्यांजवळ गेलं, आणि बघणाऱ्यांतली जवळजवळ ९० टक्के त्याबद्दल खोटं बोलली. अगदी लहानग्यांवर असा परिणाम दिसला नाही, पाच ते सातच्या मुलांवर दिसला. तुमचा मुलगा सहाचा आहे.

म्हणून पुढच्या प्रवासात कंडक्टरला वय खरं सांगा आणि अर्धं तिकीट त्याच्या हातात द्या. फोन आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे त्याच्या तोंडून वदवू नका. ‘बाबा आत्ता बोलू शकत नाहीत’ हेही तेवढंच सोपं आहे. इंजेक्शन दुखणार नाही असं सांगू नका, थोडं दुखेल आणि मी हात धरेन असं सांगा. मावशीने दिलेला शर्ट आवडला नाही तरी ‘आवडला’ म्हणावं का, असले प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तो मोठा होईल तेव्हा ते त्याला आपोआप कळतील.

सगळ्यात कठीण काम त्याच्या बाबांचं आहे, आणि ते तुम्ही त्यांच्याऐवजी करू शकत नाही. त्यांनी शब्द दिला होता, मारणार नाही. तो मोडला. मुलाच्या नजरेत त्या दिवशी खोटं बोलले ते बाबा. ते चांगले बाप आहेत याबद्दल मला शंका नाही. मुलगा चोर होईल या धास्तीने त्यांचा हात उठला असणार, आणि त्यांच्या लहानपणी त्यांनाही असाच मार बसला असणार. पण त्यांनी मुलाला जवळ घेऊन हे सांगायला हवं: ‘मी म्हणालो होतो मारणार नाही, आणि मारलं. माझं चुकलं. तू खरं बोललास ते चांगलं केलंस. पैसे घेतलेस ते चुकलं, ते आपण परत करू.’ चारच वाक्यं. शेवटी ‘पण तू पण ना…’ असं काही जोडायचं नाही. मुलासमोर माफी मागितली की बापाचा वचक जाईल, असं बऱ्याच वडिलांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. त्या दिवसापासून मूल बापाच्या शब्दावर भरवसा ठेवतं. हे त्यांना भांडणाच्या वेळी सांगू नका. मुलं झोपल्यावर, शांतपणे, पत्रात मला लिहिलंत तसंच सांगा.

इतका आग्रह का धरते ते सांगते. आज गोष्ट वीस रुपयांची आहे. उद्या कुणी मोठं माणूस त्याला म्हणेल, ‘हे आपलं गुपित, घरी सांगितलंस तर मार बसेल.’ त्या दिवशी तो घरी येऊन सांगेल की नाही, हे वीस रुपयांच्या वेळी त्याला काय मिळालं यावर ठरतं. खोटं बोलण्याबरोबर तो अंथरूण ओलं करायला लागला, झोपेत दचकायला लागला, एखाद्या विशिष्ट माणसाकडे जायला किंवा शाळेत जायला अचानक नाही म्हणायला लागला, तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पत्रावरून मला तसं काही वाटत नाही, तरी ही लक्षणं प्रत्येक आईला माहीत असावीत.

सुरुवात डब्यापासून करा, ते सगळ्यात सोपं आहे. बाबा बोलल्यानंतर पैशांचं. मग मध्ये काही दिवस काही घडणार नाही, आणि नंतर तो एखादं अगदी क्षुल्लक खरं घेऊन तुमच्याकडे येईल. पाटीवर थुंकी लावून पुसलं, मित्राचं खोडरबर चुकून दप्तरात आलं, असं काहीतरी. तो तुमची परीक्षा घेत असेल. हातातलं काम थांबवा, पण मोठा सोहळा करू नका. ‘बरं झालं सांगितलंस. आता खोडरबराचं काय करू या?’ असं विचारा आणि उद्या ते मित्राला परत जातंय ना, एवढं बघा. बाबांचं बोलणं झालं की मला दोन ओळी लिहून कळवा.